सतरावी फट

मी एक पत्रा बोलतोय. भोकं पाडलेला, ॲल्युमिनियमचा पत्रा.

पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे छप्पर येईल, नाहीतर तेलाचा डबा. मी तसा नाही. मी वहीच्या पानाएवढा, पोस्टकार्डापेक्षा किंचित जाड, एका अंगाने काळाकुट्ट रंगवलेला. माझ्या अंगात एकतीस फटी आहेत आणि तीन चौकोनी खिडक्या. फट इतकी अरुंद की शिवणाची सुई जेमतेम आत जाईल. प्रत्येक फट आकाशातल्या एकेका वस्तूसाठी मोजून कापलेली. आकाशाचा तो एक तुकडा सोडला तर माझी भोकं कशालाच जुळत नाहीत. म्हणजे माझा जन्मच मुळी एका रात्रीसाठी होता. ती रात्र वाया गेली आणि का वाया गेली हे फक्त मला ठाऊक होतं. पुढची नऊ वर्षं मी ते पोटात ठेवून लटकत राहिलो.

माझ्या जातीला तिकडे मास्क म्हणतात. दुर्बिणीच्या पोटात, जिथे सगळा उजेड गोळा होतो, तिथे मला बसवतात. माझं काम दरवानाचं. हव्या त्या उजेडाला फटीतून आत सोडायचं, बाकीच्याला बाहेरच अडवायचं. आत गेलेला उजेड उलगडून त्याचा रंगीत पट्टा करतात, आणि त्या पट्ट्यावरून तो किती लांबून, किती काळापूर्वी निघाला ते ओळखतात. जो आत गेला नाही त्याची कुणी विचारपूस करत नाही.

मी जन्मलो टूसॉन या वाळवंटातल्या शहरात, वेधशाळेच्या कारखान्यात, दोन हजार चार सालच्या एप्रिलात. रामिरो येस्कास तिथला जुना कारागीर. कापायचं काम यंत्र करायचं, पण कापून झाल्यावर प्रत्येक फटीच्या कडा रामिरो स्वतः भिंगाखाली धरून लाकडी काडीने साफ करायचा. मग "चल बाळा, श्वास घे," असं म्हणून फटीत फुंकर मारायचा. एकतीस फटी, एकतीस फुंकरा. त्याच्या श्वासाला भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास यायचा. दुर्बिणीतून त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. "मी दारं बनवतो. आत कोण जातं त्याच्याशी मला काय करायचंय?" असं तो म्हणायचा, पण कुणी नवा पत्रा न्यायला आला की हळूच विचारायचाच.

मला न्यायला येणारा होता ड्वेन हॉलकम. वय एकोणचाळीस, उंच, जरा पोक काढून चालणारा, आणि बोलण्याआधी माफी मागायची खोड असलेला. विलकॉक्स गावचा. वडिलांचं तिथे गुरांच्या खाद्याचं दुकान. ड्वेनची ही तिसरी तात्पुरती नोकरी होती आणि ती ऑगस्टमध्ये संपणार होती. पुढे काय, हे सगळं माझ्या सतराव्या फटीवर टांगलेलं होतं.

मी अजून कोराच होतो तेव्हाची गोष्ट. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. रामिरो कागदात गुंडाळलेला बरीटो, म्हणजे सारण भरलेली पोळी, खात बसला होता. ड्वेनने त्याच्यासमोरची सोड्याची रिकामी बाटली उचलली, वर्तमानपत्र पसरलं आणि बाटलीचं जाड बूड अक्षरांवर धरलं.

"माफ करा हं, दोनच मिनिटं घेतो. हे बघा रामिरो. ही बाटली म्हणजे हजारभर दीर्घिकांचा एक प्रचंड घोळका. त्याचं वजन एवढं, की मागून येणारा उजेड त्याच्या कडेने वळतो. मग मागचं अक्षर मोठं दिसतं, वाकडं दिसतं, आणि एकाची दोन-तीन दिसतात. आकाशातलं भिंगच म्हणा ना."

"म्हणजे पुढे जाडजूड माणूस बसला की मागचं जास्त दिसतं? आमच्या चर्चमध्ये तर उलटं आहे."

"आकाशात असंच आहे. जाड्याच्या मागेच बघायचं असतं."

"आणि मागे आहे काय?"

ड्वेनने बाटली खाली ठेवली. "एक तांबडा ठिपका. दिसतो तीन जागी, पण आहे एकच. मला वाटतं ती अगदी पहिल्या-वहिल्या दीर्घिकांपैकी एक आहे. तिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यसुद्धा नव्हता."

"आणि आता ती आहे का?"

"ते कुणालाच माहीत नाही."

रामिरोने बोटं पुसली. "मग फट नीट कापायला हवी," तो म्हणाला आणि राहिलेला बरीटो तसाच ठेवून उठला.

हा ठिपका ड्वेनने अवकाशातल्या दुर्बिणीच्या फोटोत हुडकला होता. घोळक्याचं वजन कुठे किती आहे याचं त्याने वर्षभर गणित मांडलं होतं, आणि त्या गणिताने सांगितलं होतं की ठिपका खरोखर तितका दूर असेल तर तो तिसऱ्यांदा अमुक जागी दिसेल. त्या जागी तो होता. दोन रूपं पुढच्या जाड्या दीर्घिकांच्या झगमगाटात बुडाली होती. तिसरं एका बाजूला, मोकळ्या अंधारात होतं. सतरावी फट त्याच्यासाठी.

पण फोटोत ठिपका दिसणं वेगळं आणि उजेडाचा पट्टा हातात येणं वेगळं. जवळची एखादी धुळकट दीर्घिकासुद्धा तांबडी दिसते, आणि त्या नादात भल्याभल्यांची फजिती झालेली आहे. ड्वेनने जानेवारीत सगळ्या खगोलवाल्यांच्या मेळाव्यात आपला ठिपका दाखवला तेव्हा "असावा" असं म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी "आहे" असं छापलं. विलकॉक्सच्या दुकानात त्याचे वडील गिऱ्हाइकाला खाद्याच्या पोत्याबरोबर ही बातमीही बांधून देऊ लागले.

हे ज्यांना मुळीच आवडलं नव्हतं त्या थीडा ब्रॅनिगन. ड्वेनच्या वरिष्ठ, वय साठीला टेकलेलं, केस पुरुषासारखे कापलेले, पायात बारा महिने चालायचे बूट. दुसऱ्याच्या शोधावर थंड पाणी ओतण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यालाही कारण होतं. तिशीत त्यांनी स्वतः एक शोध जाहीर केला होता आणि सहा महिन्यांत तो सगळ्यांदेखत मागे घेतला होता. तेव्हापासून डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्या कशावर सही करत नसत. ड्वेनवर मात्र त्यांचा जीव होता. तो त्या कधी बोलून दाखवत नसत, आणि ड्वेनला तो कधी कळला नाही.

आता माझ्या तीन चौकोनी खिडक्यांबद्दल सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. ठिपका इतका मंद, की फट बरोबर त्याच्यावर आली की नाही हे बघून कळतच नाही. म्हणून पत्र्यात तीन खिडक्या ठेवतात आणि त्यांत तीन ठळक तारे आणून बसवतात. तारे खिडक्यांच्या मधोमध आले की समजायचं, बाकीच्या फटीही आपापल्या जागी आल्या. सगळा भरवसा त्या तीन ताऱ्यांवर.

कोणते तारे घ्यायचे हे ठरवायला ड्वेन आणि थीडाबाई कारखान्यात आले होते. मी टेबलावर होतो. थीडाबाईंनी पिशवीतून जुना पिवळा कागद काढला. वीस वर्षांपूर्वी त्यांनी याच घोळक्यावर काम केलं होतं, तेव्हा काचेवरच्या फोटोंवरून एकेक तारा चार-चार वेळा मोजून स्वतःच्या हाताने ही यादी केली होती. पेन्सिलीचे आकडे, एकही खाडाखोड नाही.

"ही घे. यातले तीन ठळक घे," त्या म्हणाल्या.

"माफ करा थीडा, पण आधी एक ताजा फोटो घेऊन जुळवून बघितलं तर? अर्धा तास लागेल फार तर."

"दुर्बिणीचा अर्धा तास? वर्षातून एक रात्र मिळते आपल्याला, आणि तुझ्या ठिपक्याचा अर्धा तास तू ताऱ्यांवर उधळणार? तारे काय घर बदलतात का रे?"

रामिरो हसला. ड्वेनही हसला. मग त्याने यादी घेतली.

तारे घर बदलतात. थीडाबाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. त्या ते वर्गात शिकवत. पण स्वतःच्या हातचं अक्षर समोर असलं की माणूस असं विसरतो. तिसऱ्या खिडकीतला तारा आपल्याला जवळचा होता आणि वीस वर्षं आपल्या वाटेने सरकत होता. माझ्या मापाने सांगायचं तर अर्धा मिलिमीटर. आणि सतरावी फट नेमकी त्या खिडकीच्या शेजारी होती.

रामिरोने जुन्या आकड्यांप्रमाणे मला कापलं, एकतीस फुंकरा मारल्या, आणि मी डोंगरावर गेलो.

त्या रात्रीबद्दल मी थोडंच बोलेन. आकाश निरभ्र होतं. मला दुर्बिणीत सरकवलं. दोन खिडक्यांत तारे मधोमध येऊन बसले. तिसऱ्या खिडकीतला कडेला टेकला.

"हा जरा बाजूला राहतोय," ड्वेन पडद्याकडे बघत म्हणाला.

"आरसा त्या कोपऱ्यात नेहमीच थोडा झुकतो," थीडाबाई म्हणाल्या. "तिघांत वाटून टाक. थोडं याला, थोडं त्याला."

ड्वेनने वाटून टाकलं. दुर्बीण किंचित हलली, मी किंचित फिरलो. तिन्ही तारे आपापल्या खिडकीत साधारण बरे दिसायला लागले. मधल्या फटींना काही फरक पडला नाही. सतरावी मात्र बाजूला सरकली.

मग तो आला. सेकंदाला उजेडाचा एखाददुसरा कण, इतकाच. पण मी ओळखला. साऱ्या रात्रीत असा जुना, असा थकलेला तांबडा उजेड दुसरा नव्हता. पृथ्वी नव्हती तेव्हाचा निघालेला, वाटेत त्या घोळक्याशी वळसा घेऊन आलेला. इतक्या लांबून आला, आणि फटीच्या शेजारी, भिंतीवर येऊन थडकला. ती भिंत मी. माझ्या काळ्या रंगाने तो गिळला. पहाटेपर्यंत तो येत होता आणि मी गिळत होतो. केसभर डावीकडे सरकलो असतो तरी पुरलं असतं. पण पत्र्याला सरकता येत नाही आणि ओरडता तर त्याहून येत नाही.

पुढचे दोन महिने मी ड्वेनच्या टेबलावर होतो. त्याने मला कागदावर दाबण म्हणून ठेवलं होतं. तीस फटींनी आपापला उजेड दिला होता, कुणाचा नीट, कुणाचा फिकट. सतराव्या फटीचा पट्टा कोरा. ड्वेनने तो संगणकावर सतरा प्रकारे धुतला, गाळला, ताणला. कधी एखादा डाग दिसला की उठून उभा राहायचा, मग पुन्हा बसायचा. त्याचं जेवण टेबलावर वाळून जायचं. खालची झाडलोट करणारी बाई मग ते उचलून न्यायची.

रामिरोलाही विचारून झालं. "पत्रा चुकीचा कापला गेला असेल का हो?" असं ड्वेनने विचारलं, तेही माफी मागून. रामिरोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तीस वर्षांत नाही," एवढंच तो म्हणाला आणि आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

जूनमध्ये थीडाबाई दार न ठोठावता आत आल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

"पत्र लिहायला घे. मेळाव्यातलं विधान मागे घेतलं म्हणून."

"पण दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं कुठे आहे?"

"एवढी मोठी दुर्बीण, अख्खी रात्र, स्वच्छ आकाश. बाकीचे तीस दिसले, तुझा एकटाच रुसला?"

"गणित जुळतं, थीडा. तिसरं रूप बरोबर तिथेच आहे."

"गणित माझंही जुळलं होतं." त्यांनी माझ्याखालचा कोरा कागद ओढून त्याच्यापुढे ठेवला. "आत्ता तू स्वतः मागे घेतलंस तर लोक विसरतील. दुसऱ्याने खोडून काढलं तर आयुष्यभर तेच चिकटेल. मी तुझ्या भल्याचं सांगते आहे."

खरोखरच त्या त्याच्या भल्याचं सांगत होत्या. म्हणूनच त्याला उलट बोलता आलं नाही.

पत्र छापून आलं. लोक काही विसरले नाहीत. कायमच्या नोकरीसाठी त्याने पाच ठिकाणी अर्ज केले होते. पाचही ठिकाणांहून सभ्य भाषेत नकार आला. एका शनिवारी तो विलकॉक्सला जाऊन वडिलांना "बाबा, आता कुणाला सांगत जाऊ नका," असं सांगून आला. ते सांगायला त्याला एक दिवस लागला, असं तो फोनवर कुणाला तरी म्हणत होता. ऑगस्टमध्ये त्याने पुस्तकं खोक्यांत भरली. मला कारखान्यात परत नेऊन दिलं.

"तुमचा पत्रा," तो रामिरोला म्हणाला. "चांगला कापला होता. चूक माझीच."

वापरून झालेले पत्रे भंगारात जातात. रामिरोने मला घरी नेलं आणि परसातल्या अंजिराच्या झाडाला दोरीने बांधलं. वाऱ्याने हललो की चमकायचो आणि पाखरं फळांपासून लांब राहायची. पहिल्या वर्षी राहिली. दुसऱ्या वर्षी माझ्याच दोरीवर बसून त्यांनी अंजिरं खाल्ली. तिथल्या उन्हाने माझा काळा रंग पापुद्र्या-पापुद्र्यांनी निघाला. तो उजेड ज्या रंगाने गिळला होता तोही असाच कधीतरी अंजिराच्या आळ्यात गळून पडला. एवढी एक खूण माझ्याकडे होती, तीही गेली.

नऊ वर्षं गेली.

मग एका सप्टेंबरच्या सकाळी थीडाबाई परसात आल्या. वाकल्या होत्या, बूट मात्र तेच होते. रामिरो तोवर निवृत्त झाला होता. त्याने खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"रामिरो, ड्वेनचा पत्रा तुमच्याकडे आहे का हो?"

"कुठला? तो बघा, झाडाला. का?"

"देशाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गटाने अवकाशातून मोजलं. तांबडा ठिपका. तिन्ही रूपं." त्यांनी झाडाकडे बघितलं. "खरा आहे तो. ड्वेनने सांगितलं होतं तितकाच दूर. सगळीकडे आता त्या लोकांचं नाव झालंय. मला फक्त एवढंच बघायचंय, की आपल्याला का दिसला नाही."

रामिरो झाडापाशी गेला. त्याने सुरीने दोरी कापली, मला धुतलं, आणि दोघं मला घेऊन कारखान्यात गेले. तिथे आता नवे लोक होते, पण मोजायचं यंत्र जुनंच होतं. रामिरोने एकतीस फटी आणि तीन खिडक्या एकेक करून मोजल्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

"डॉक्टर, तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही."

"मला तेच वाटलं होतं," थीडाबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी तो पिवळा कागद काढला, त्याच्याशेजारी नव्या फोटोवरून घेतलेले आकडे ठेवले आणि तिसऱ्या ताऱ्यावर बोट ठेवलं. मग दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून त्यांनी वजाबाकी केली.

"घर बदललं त्याने," त्या शेवटी म्हणाल्या. या खेपेला रामिरो हसला नाही.

ड्वेन आता डग्लस नावाच्या गावी शाळेत गणित शिकवत होता. थीडाबाई दोन तास गाडी हाकत तिथे गेल्या. शेजारच्या सीटवर मी, एका टॉवेलात गुंडाळलेला. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या वाहनतळावर तो बाहेर आला. पोक वाढलं होतं, केस पातळ झाले होते. त्याने माफी मागितली नाही. ती खोड शाळेतल्या मुलांनी घालवली असावी.

"बातमी वाचलीस?" बाईंनी विचारलं.

"वाचली."

"आपल्याला का दिसलं नाही ते सांगायला आलेय. तिसरा तारा सरकला होता. तू ताजा फोटो मागितलास, मी नाही म्हटलं. यादी माझी होती, ड्वेन. आणि त्या रात्री वाटून टाक म्हणणारीही मीच."

मला वाटलं, आता याच्या छातीवरचा धोंडा उतरेल. नऊ वर्षं मी याच क्षणाची वाट बघत झाडाला लटकत होतो. पण त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. तो गाडीला टेकला.

"बाबा दोन वर्षांपूर्वी गेले," तो म्हणाला. "शेवटपर्यंत माझी बाजू घ्यायचे. पोराची जरा घाई झाली, एवढंच म्हणायचे. आणि मी मान डोलवायचो. खरंच वाटायचं मला, माझी घाई झाली."

"मी जाहीरपणे लिहिणार आहे. तुझं नाव घालून. पहिल्यांदा तू पाहिलंस म्हणून."

"नको."

"अरे, पण ते खरं आहे."

"थीडा, माझं चुकलं हे मान्य करायला मला चार वर्षं लागली. त्यानंतर कुठे मला झोप यायला लागली. आता तुम्ही म्हणता, चुकलं नव्हतं. मग ही नऊ वर्षं मी कुठे ठेवू?" त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "ते त्यांचं आहे. त्यांनी बघितलं. मी फक्त म्हटलं होतं. तुमच्या यादीचं काय लिहायचं ते लिहा. माझं नाव नका घालू."

थीडाबाई रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यालाही ते बघवलं नाही. त्याने दुसरीकडे तोंड केलं. शाळेची घंटा झाली.

"त्या रात्री उजेड गेला कुठे मग?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

बाईंनी टॉवेल उलगडला. "याच्यावर पडला असणार. सतराव्या फटीच्या शेजारी कुठेतरी. कोणत्या बाजूला ते यादीवरून काढता येईल."

"नको. राहू दे."

पण त्याने मला हातात घेतलं, आणि घेतलं ते परत दिलं नाही. जाताना स्वतःच्या जुन्या गाडीचं दार उघडून त्याने मला सीटच्या मागे टाकलं, आणि वर्गावर गेला.

थीडाबाईंनी लिहिलं. चार ओळी छापून आल्या. त्यात "माझ्या यादीतली चूक" एवढंच होतं, नाव कुणाचंच नव्हतं.

मी अजून त्या सीटमागेच आहे. सोबतीला हवा भरायचा पंप, एक फाटकी छत्री, आणि परत न नेलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. उन्हात गाडी तापते, हिवाळ्यात गारठते. माझा एक कोपरा वाकला आहे. मी आता कुठल्याच दुर्बिणीत बसणार नाही, आणि बसलो तरी तिसरी खिडकी पुन्हा चुकेलच, कारण तो तारा चालतोच आहे.

तुम्हाला एवढीच विनंती. तुमच्यावर कधी कुणाच्या म्हणण्याखाली "नाही" असं लिहून सही करायची पाळी आली, तर त्याआधी आपल्या हातची यादी ताज्या आकाशाशी एकदा जुळवून बघा. अर्धा तास लागतो. तो द्या.

कधी कधी शाळा सुटल्यावर ड्वेन गाडी सुरू न करता नुसता बसून राहतो. मग मागे न बघता सीटच्या पाठी हात घालतो आणि मला चाचपतो. एकेक फट मोजत त्याचा अंगठा सतराव्या फटीवर येऊन थांबतो. थोडा वेळ तिथेच राहतो. मला बाहेर काढत नाही, बघत नाही. मग हात काढून घेतो आणि गाडी सुरू करतो.

तिथे नाही रे, ड्वेन. जरा डावीकडे. केसभर डावीकडे पडला होता तो.